लाल ठिपक्याचं पिस्तूल

हरणांचा हंगाम सुरू व्हायच्या आधीचा शनिवार हा हॅकवर्थ मंडळींचा नेमाचा शनिवार. त्या दिवशी खानदानातल्या बंदुका कपाटांतून बाहेर निघत, तेलाच्या फडक्यानं पुसल्या जात आणि लोएटाच्या कुरणामागच्या मातीच्या दरडीवर झाडून त्यांचा नेम बरोबर बसतोय की नाही ते पाहिलं जाई. ख्रिसमसला कुणी आलं नाही तर आजारी असेल म्हणून सोडून देत. नेमाच्या शनिवारी न येणाऱ्याच्या मात्र चारित्र्याबद्दलच शंका घेतली जाई. यंदा नातवंडं कॉलेजच्या फुटबॉल सामन्याला गेली होती, आणि ही गोष्ट डेल्बर्टनं मनात लिहून ठेवली होती.

लोएटा सकाळपासून चुलीपाशी होती. राजमा आणि खिम्याची चिली मंद आचेवर रटरटत होती, दालचिनीचे रोल ओव्हनमध्ये फुगत होते. ओझार्कच्या या डोंगरांत शाळेच्या जेवणात ही जोडी ठरलेली; चिलीबरोबर जो दालचिनीचा रोल खात नाही त्याला शाळेत गेलेला समजत नाहीत. हात कामात होते, पण मन टेबलाच्या खणात होतं. खणात पुसायची फडकी होती, आणि फडक्यांखाली जे होतं ते तिथं असायला नको होतं. निदान डेल्बर्टच्या मते तरी.

डेल्बर्ट हा तिच्या नवऱ्याचा, हार्लनचा, थोरला भाऊ. हार्लन जाऊन आता दुसरा हिवाळा येत होता. गेल्या ईस्टरच्या जेवणात तिच्या मुलानं, रॉइसनं, मांसाचा तुकडा कापता कापता विषय काढला होता की आई रस्त्याच्या टोकाला एकटी असते, शेजारचं घर हाकेच्या पलीकडे, तेव्हा तिनं आता स्प्रिंगफील्डला आमच्याकडे यावं. तळघरातली खोली रिकामीच आहे. सून डीना म्हणाली, रिकामी कशी, मी तिला लॅव्हेंडरचा फिका जांभळा रंगही देऊन ठेवला. लोएटाला लॅव्हेंडर साबणातसुद्धा सोसत नसे.

तेव्हा डेल्बर्टनं टेबलावर मूठ आपटली होती. हॅकवर्थांच्या घरातली बाई कुणाच्या तळघरात राहायला जाणार नाही, असं तो म्हणाला. मी तिला पिस्तूल निवडून देतो, मग बघू कोण येतो तिच्या वाटेला. रॉइस विमा कंपनीत नुकसान पाहणारा माणूस. पुराव्याशिवाय त्याचं पान हलत नाही. तो म्हणाला, ठीक आहे, नेमाच्या शनिवारी पाहू. आईनं तारेवर टांगलेल्या सहा ताटल्यांतल्या चार पाडल्या, तर वर्षभर मी तळघराचं नाव काढणार नाही. नाही पाडल्या, तर थँक्सगिव्हिंगच्या आत तिचं सामान हलवायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. लोएटाची मान कुणी पाहिली नाही.

पिस्तूल घेतलं ते असं. पैसे लोएटाचे, कागदावर सही लोएटाची, आणि बोलणं सगळं डेल्बर्टचं. दुकानदारानं तिच्याकडे बघून काही विचारलं की उत्तर डेल्बर्ट देई. त्याचा एक सिद्धांत होता. लहान हाताला लहान पिस्तूल. ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटे, की दुकानदारही गप्प बसला. मग काचेखालून एक चिमुकली वस्तू बाहेर आली. साबणाच्या वडीएवढी, काळी, पिसासारखी हलकी. "मूर्ती लहान पण कीर्ती महान," डेल्बर्ट म्हणाला, आणि लोएटानं आयुष्यातलं पहिलं पिस्तूल घेतलं.

त्याची कीर्ती तिला पहिल्याच गोळीत कळली. जड बंदूक आपला धक्का आपणच पोटात घेते, हलकी तो धरणाऱ्याच्या हातात घालते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. शिंगरू जसं म्हाताऱ्या घोडीपेक्षा जास्त उधळतं, तसं ते तिच्या हातात उधळलं आणि अंगठ्याजवळची कातडी चिमटून गेलं. पण तेही परवडलं. खरी पंचाईत त्याआधीची. गोळी आत जायची तर पिस्तुलाची वरची पोलादी स्लाइड मागे ओढावी लागे, आणि ती तिला दहा वेळा झटल्यावर एखाद्या वेळीच ओढता येई. गुडघ्यात धरून पाहिलं, फडक्यात धरून पाहिलं. घरात चोर शिरलाच असता, तर त्यालाच विनवावं लागलं असतं, की बाबा रे, एवढी स्लाइड ओढून दे, मग मी तुझ्यावर रोखते.

नळीच्या टोकाला नेम धरायला असते ती माशी तिला नीट दिसेना, म्हणून तिनं नखांना लावायच्या लाल रंगाचा एक ठिपका तिच्यावर दिला. त्याचाही उपयोग झाला नाही, कारण चाप ओढायच्या आधी ती दोन्ही डोळे गच्च मिटून घेई. मग ते पिस्तूल रोज एकेक खोली लांब जाऊ लागलं. उशाजवळून आरशाच्या टेबलात, तिथून चादरींच्या कपाटात, आणि शेवटी मागच्या ओट्यावरच्या बंद पडलेल्या फ्रीजमध्ये. चोराची भीती तिला आधीही फारशी नव्हती. आता पिस्तुलाची वाटू लागली.

विकून टाकावं म्हटलं, तर हॅकवर्थांमध्ये बंदूक विकत नाहीत. गाय विकली, खालचं शेत विकलं, एका पणजोबानं म्हणे लग्नाची अंगठीही विकली, पण बंदूक नाही. चुलत्यांपैकी व्हर्जिलनं बापाची बंदूक देऊन एक बोट घेतली होती. ती बोट पहिल्याच उन्हाळ्यात बुडाली, त्यालाही आता जमाना झाला, पण त्याला अजून सगळे बोटवाला व्हर्जिल म्हणतात, आणि तेही त्याच्या नातवंडांसमोर.

तरी सप्टेंबरात ती गेली. जावेला, म्हणजे डेल्बर्टच्या बायकोला, नादीनला, तिनं सांगितलं की दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. डोक्याला रुमाल बांधून, दोन काउंटी ओलांडून ती एका बंदुकांच्या दुकानात शिरली. तिथली टेसा नावाची मुलगी फ्रीजमध्ये राहिलेल्या त्या पिस्तुलाकडे बघून म्हणाली, "हे तुम्ही निवडलंत की घरच्यांनी?" घरच्यांनी, असं लोएटा म्हणाली. मुलीनं पुढे काही विचारलं नाही. काउंटरवर जे होतं ते एकेक करून तिच्या हातात देत गेली, आणि घाई केली नाही. शेवटी त्या चिमुकल्याच्या बदल्यात लोएटाच्या हाती लागलं एक जुनं रिव्हॉल्व्हर. जड, लांब नळीचं, लाकडी मुठीवर ओरखडे असलेलं, बारीक गोळ्यांचं. स्लाइड नाही, काही नाही. घोडा अंगठ्यानं मागे घ्यायचा आणि चाप दाबायचा. धक्का म्हणाल तर कुणी दार वाजवावं एवढाच.

तेव्हापासून रोज दुपारी ती दरडीवर जात होती. सुरुवातीला कुरणातल्या गायी पळत, मग नुसत्या मान वर करून बघत, आणि ऑक्टोबर सरेपर्यंत त्यांनी तेही सोडलं. ताटल्या पडू लागल्या होत्या. गंमत म्हणजे लोएटाला मजा येऊ लागली होती.

राहिला होता तो एकच प्रश्न. हे डेल्बर्टला सांगायचं कसं? तिच्या बाजूनं भांडणारा या घराण्यात तो एकटा, आणि त्याचं सारं भांडण त्या चिमुकल्या पिस्तुलावर उभं. ते आपण विकलं म्हटलं की तो रुसणार. आणि रॉइसला तर आयताच पुरावा मिळणार, की बघा, आईला स्वतःलाच कळलंय तिला झेपत नाही. मग ताटल्या पाडायची वेळसुद्धा येणार नाही. डेल्बर्टला आल्या आल्या बाजूला घेऊन सांगायचं, असं तिनं आठवडाभर ठरवलं होतं.

डेल्बर्ट आला तो मात्र ओट्यावरूनच आवाज देत आला. हातात रंगीत कागदात बांधलेलं खोकं होतं आणि चेहऱ्यावर नवऱ्या मुलाचा आनंद. मागून नादीन आली, तिच्या हातात भोपळ्याची मिठाई. रॉइस आणि डीना आधीच येऊन बसले होते. डीनानं पर्समधून पडद्यांच्या कापडाचे नमुने काढून टेबलावर मांडले होते. सगळे जांभळट.

"जेवणाआधी एक गोष्ट," डेल्बर्ट म्हणाला, आणि खोकं नादीनसमोर ठेवलं. "उघड."

नादीननं उघडलं. आत साबणाच्या वडीएवढी काळी वस्तू होती. टेबलावर चिलीचं पातेलं आणून ठेवलेल्या लोएटाच्या हातातला डाव चिलीत पडला.

"लोएटाकडे आहे तसंच्या तसं," डेल्बर्ट सगळ्यांना सांगू लागला. दोघी जावांकडे एकसारखं असावं, असं त्याच्या कधीचं मनात होतं. परवा असाच दोन काउंटी पलीकडे एका दुकानात सहज डोकावला. डेल्बर्ट बंदुकीच्या दुकानात सहज डोकावतो म्हणजे मांजर दुधाच्या भांड्यात सहज डोकावतं तसं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, कुण्या बाईनं चार-दोन गोळ्या झाडून परत आणून दिलंय. नव्यासारखंच आहे, निम्म्या किमतीत देते. "मी म्हटलं, असेल कुणी अर्धवट बाई. तिचा मूर्खपणा, आपला फायदा." मग त्यानं पिस्तूल उचलून टोकाकडे बोट दाखवलं. "आणि हे बघा. माशीवर लाल ठिपका. लोएटाच्या पिस्तुलाला हा नाही. हे सुधारलेलं मॉडेल आहे."

नादीननं चष्मा लावला. ठिपक्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या नखांकडे पाहिलं. नादीन आवडीखातर घरोघरी प्रसाधनं विकायची, आणि तो चेरीसारखा लाल रंग कंपनीनं बंद केला तेव्हा उरलेल्या दोन बाटल्यांपैकी एक तिनं स्वतःकडे ठेवली होती. दुसरी गेल्या ख्रिसमसला लोएटाला दिली होती. तिनं मान वर करून जावेकडे पाहिलं.

"छान रंग आहे," ती म्हणाली. "ओळखीचा वाटतो."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, लोएटाच्या मनात तर भर दुपार झाली. रोल जळतील म्हणून ती ओव्हनकडे पळाली. नादीनही मागोमाग आली आणि तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"तू सप्टेंबरात दाताच्या डॉक्टरकडे गेली होतीस," नादीन हळू आवाजात म्हणाली.

"हो."

"कुठला दात काढलास ते मला आत्ता कळलं. आणि तोच दात माझ्या नवऱ्यानं विकत आणून माझ्या तोंडात बसवलाय."

लोएटाला हसू आलं आणि रडूही. तिनं सगळं सांगून टाकलं, फ्रीजपासून रिव्हॉल्व्हरपर्यंत. नादीन रागावली नाही. उलट तिनं एक रोल तोडून तोंडात टाकला आणि विचार करू लागली. आपण तोंड उघडणार नाही, असं ती म्हणाली. पण यातून मला तूच सोडव, मला ते लचांड घरात नको. लोएटानं विचारलं, स्लाइड डेल्बर्टनं ओढून बघितली नाही का दुकानात?

नादीननं दाराकडे नजर टाकली. "तो कशाला ओढेल? गेल्या हिवाळ्यापासून त्याला लोणच्याची बरणी उघडत नाही. सांधे धरलेत बोटांचे. मी आधीच झाकणं सैल करून परत लावून ठेवते. त्याला वाटतं, हल्ली कंपन्या बरण्या सैल बंद करतात."

चिली खाऊन झाल्यावर मंडळी दरडीवर गेली. आधी रायफली झाल्या. रॉइसनं बापाची रायफल झाडली, डेल्बर्टनं आपली, एकमेकांच्या नेमाला दोघांनी नावं ठेवली, सगळं रीतीप्रमाणं झालं. मग खांबांमधल्या तारेवर सहा पत्र्याच्या ताटल्या टांगल्या गेल्या. रॉइसनं हाताची घडी घातली आणि तो जरा बाजूला जाऊन उभा राहिला. नुकसान पाहायला आलेला माणूस उभा राहतो तसा.

"दोघी जावा एकदमच," डेल्बर्टनं जाहीर केलं. "लोएटा, जा, तुझं घेऊन ये. जोडी दिसू दे."

लोएटा म्हणाली, आधी नादीनला करू दे, तिचं नवं आहे. नादीननं तिच्याकडे असा कटाक्ष टाकला, की हीच का तुझी सोडवणूक. पण ती पुढे झाली. पिस्तूल दोन्ही हातांत धरून स्लाइड ओढू लागली. ती हलली नाही. पुन्हा ओढली. नादीन शांतपणे वळली आणि पिस्तूल नवऱ्याच्या हातात देऊन म्हणाली, तूच दाखव बाबा कसं करतात.

डेल्बर्ट हसत पुढे आला. त्यानं ओढलं. मग हसणं थांबवून ओढलं. मग सगळ्यांकडे पाठ करून ओढलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते लोएटाच्या डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि हसू यायला हवं होतं, पण येत नव्हतं. त्याची मान लाल झाली होती.

"अडकलंय," तो म्हणाला. "वाळू गेलीय आत."

"इकडे द्या काका, मी बघतो," रॉइस म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला.

डेल्बर्टनं दिलं नाही. त्यानं फडकं काढलं, पिस्तूल पुसलं, उन्हाकडे धरून पाहिलं. रॉइसचा हात तसाच पुढे होता. रॉइसच्या हातात ते गेलं असतं तर त्यानं क्षणात स्लाइड मागे खेचली असती, आणि वाळू कुठे नव्हती हे सगळ्यांना दिसलं असतं. लोएटाला डेल्बर्टचा अंगठा दिसत होता. गाठी आलेला, थरथरणारा. हीच मूठ ईस्टरला तिच्यासाठी टेबलावर आपटली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि आता ती उघडायची वेळ आली होती. ती गप्प राहिली असती तर तिचं काहीच बिघडलं नसतं. तिनं क्षणभर घराकडे पाहिलं, चिमणीतून निघणाऱ्या धुराकडे, हार्लननं लावलेल्या अक्रोडाच्या झाडाकडे.

"ते अडकलेलं नाही, डेल्बर्ट," ती म्हणाली. "ते तसंच आहे. धडधाकट माणसालाही दाद देत नाही. मला माहीत आहे, कारण ते माझंच होतं. ती अर्धवट बाई मी."

गायींपैकी एकीनं तेवढी मान वर केली.

"विकलंस?" डेल्बर्टनं विचारलं.

"बदलून घेतलं."

"व्हर्जिलनं निदान बोट तरी घेतली होती," डेल्बर्ट म्हणाला. पण हे म्हणताना त्यानं ते पिस्तूल कोटाच्या खिशात टाकलं, हात खिशातच ठेवले, आणि लोएटाला वाटलं, त्याचे खांदे जरासे खाली आले. आता सगळे त्याच्याकडे नाही, तिच्याकडे पाहत होते.

रॉइस बोलू लागला. बोलला तेही अगदी तिनं धरलं होतं तसंच. म्हणजे इतके दिवस आई तू म्हणत होतीस की माझ्याकडे पिस्तूल आहे, मी सुरक्षित आहे, आणि प्रत्यक्षात तुलाच ते झेपत नव्हतं. मग अजून काय काय झेपत नाही, ते आम्हाला कसं कळायचं? डीनानं त्याच्या दंडावर हात ठेवला. त्याला थांबवायला की पाठिंबा द्यायला, हे सांगता आलं नसतं.

"मला चोराची भीती नव्हती," लोएटा म्हणाली. "त्या पिस्तुलाची होती. आणि तुम्हाला ते सांगायची त्याहून जास्त होती. एकानं माझ्यासाठी मूठ आपटली, एकीनं माझ्यासाठी भिंती रंगवल्या. लोएटा, तुझ्या हाताला काय पेलतं, एवढं कुणी विचारलं नाही. म्हणून मी माझं जाऊन विचारून आले. आता थांबा इथेच."

ती घरात गेली आणि खणातल्या फडक्यांखालून ते काढून घेऊन आली. लांब नळी, ओरखड्यांची मूठ. रॉइसनं भुवया उंचावल्या. डेल्बर्ट स्वतःशीच पुटपुटला, की हे तर खारी मारायचं. खार सोड, आमच्या मळ्यातला कावळासुद्धा याला भ्यायचा नाही.

पहिली गोळी चुकली. चाप दाबताना तिनं रॉइसकडे पाहिलं होतं. कुणीतरी सुस्कारा सोडला. लोएटानं रिव्हॉल्व्हर खाली केलं, पाय नीट रोवले, आणि रोज दुपारी इथं फक्त गायी असतात असं मनाला सांगितलं. घोडा मागे घेतला. ताटली टणकन वाजून तारेवरून खाली पडली. पुन्हा घोडा, पुन्हा टण. ती घाई करत नव्हती. दालचिनीचे रोल एकेक करून थाळीत काढावेत तशी ती एकेक ताटली घेत गेली. शेवटची वाजली तेव्हा नादीननं टाळ्या वाजवल्या आणि मग नवऱ्याकडे बघून थांबवल्या.

रॉइस दरडीपर्यंत चालत गेला. प्रत्येक ताटली हातात घेऊन त्यानं भोक पाहिलं, एका भोकावरून करंगळी फिरवून पाहिली. मग तो परत आला. पाच ताटल्या पडल्या होत्या हे खरं, पण रॉइस नियमांच्या खाली बारीक अक्षरं शोधणारा माणूस.

"चिमणी कधी साफ केली होतीस?" त्यानं विचारलं.

"तुझे बाबा होते तेव्हा."

"पुढच्या शनिवारी येतो मी. लाकडंही फोडून ठेवतो, हिवाळाभर पुरतील एवढी." एवढं बोलून त्यानं ताटल्या एकावर एक रचल्या. "फोन मात्र रोज करायचा, आई. ते मी सोडणार नाही."

"आणि ती लॅव्हेंडर खोली?" नादीननं मुद्दाम विचारलं.

"मी तिथं शिवणाचं मशीन ठेवीन," डीना म्हणाली, आणि इतक्या चटकन म्हणाली की लोएटाला शंका आली, मशीनची जागा तिनं आधीच मापून ठेवली असावी. लोएटानं तिच्याकडे पाहिलं. डीना लाजली. पहिल्यांदाच दोघींना एकमेकींचं काहीतरी पटलं होतं.

डेल्बर्ट मात्र सगळ्यांबरोबर घरात आला नाही. पिकअपमध्ये काच वर करून बसून राहिला. लोएटानं थोड्या वेळानं एका वाडग्यात चिली वाढली, वर एक रोल ठेवला आणि बाहेर नेऊन काचेवर टकटक केली. त्यानं काच खाली केली, वाडगा घेतला, आणि तिच्याकडे न पाहता खाऊ लागला.

"वाळू नव्हती," तो घास गिळून म्हणाला.

"मला दिसली वाळू," लोएटा म्हणाली. "भरपूर होती."

त्यानं रोल चिलीत बुडवून खाल्ला. नेमाच्या शनिवारी ज्याला डेल्बर्टनं कुठली बंदूक घ्यावी हे सांगितलं नाही, असा माणूस त्या डोंगरात नव्हता. उलट मात्र कधी झालं नव्हतं.

"त्या दुकानात," तो वाडग्यात बघत म्हणाला, "तुझ्यासारखं आणखी एखादं होतं का? नादीनसाठी विचारतोय."

"होतं. नादीनसाठी चांगलं आहे ते. घोडा हलका आहे."

"तिचे सांधे जरा दुखतात हल्ली."

"हो," लोएटा म्हणाली. "तिनं सांगितलं मला."

सोमवारी दोघं गेली. नादीनला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, त्यामुळे ती आली नाही. टेसानं ते चिमुकलं पिस्तूल पुन्हा काउंटरवर आलेलं पाहिलं, लाल ठिपका पाहिला, डेल्बर्टकडे पाहिलं, मग लोएटाकडे, आणि जिवणी घट्ट मिटून धरली. नंतर मात्र पहिल्यासारखीच ती घाई न करता एकेक वस्तू समोर ठेवत गेली. लोएटा एका बाजूला उभी राहिली आणि तिनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. डेल्बर्टनं एक जड रिव्हॉल्व्हर उचललं, अंगठ्यानं घोडा मागे घेतला, पुढे सोडला, पुन्हा घेतला. अंगठा थरथरला नाही. हे नादीनला जमेल, असं तो म्हणाला, आणि ते इतक्या हळू म्हणाला की टेसाला पुन्हा विचारावं लागलं.

पिकअपमध्ये बसल्यावर त्यानं ते रिकामं रिव्हॉल्व्हर पेटीतून काढून पाहिलं, काचेतून लांबच्या कुंपणाच्या खांबावर रोखलं, एक डोळा मिटला, मग दुसरा.

"नादीनची नजरही जरा अधू झालीय," तो म्हणाला.

लोएटानं पर्स उघडून चेरीसारख्या लाल रंगाची बाटली काढली. डेल्बर्टनं आजूबाजूला पाहिलं. दुकानाबाहेर कुणी नव्हतं. त्यानं नळीचं टोक तिच्याकडे सरकवलं आणि तिनं माशीवर बारीकसा ठिपका ठेवला.

"जरा जाड लाव," डेल्बर्ट म्हणाला.